पाण्याचा अग्निबाण : ग्रामीण शाळेतील पहिला प्रयोग

अहिल्यानगर (पूर्वीचा अहमदनगर) जिल्ह्यात प्रवरेच्या काठी वसलेले कोल्हार हे गाव भगवतीमातेच्या देवस्थानामुळे महाराष्ट्रात सर्वपरिचित आहे. नगर-मनमाड मार्ग या गावातूनच जातो. नदीच्या वरच्या अंगाला १९२६ साली पूर्ण झालेले भंडारदऱ्याचे धरण, त्यातून निघालेले प्रवरेचे कालवे आणि लोणीजवळ प्रवरानगर येथे विठ्ठलराव विखे पाटील यांच्या पुढाकाराने व अर्थशास्त्रज्ञ धनंजयराव गाडगीळ यांच्या मार्गदर्शनाने १९५० साली सुरू झालेला सहकारी साखर कारखाना यांनी या परिसराचे रूप पालटले. पाणी आणि दाब या दोन गोष्टी येथील शेतकऱ्याला परक्या नाहीत. विहिरीवरील मोटार सुरू होताच सैल सोडलेला पाईप पाण्याच्या जोराने मागे उसळतो, हे येथील शाळकरी मुलालाही ठाऊक असते. अग्निबाण आकाशात का झेपावतो या प्रश्नाचे उत्तर त्या उसळत्या पाइपात दडलेले आहे.

अवकाश संशोधनाविषयी विद्यार्थ्यांना वाटणारे कुतूहल आज पूर्वीपेक्षा कितीतरी वाढले आहे. २३ ऑगस्ट २०२३ रोजी चांद्रयान-३ चंद्राच्या दक्षिण ध्रुवाजवळच्या भागात उतरले आणि तेव्हापासून तो दिवस राष्ट्रीय अंतराळ दिन म्हणून पाळला जातो. अशा वेळी 'आपणही एक अग्निबाण करून पाहावा' असे एखाद्या मुलाच्या मनात येणे स्वाभाविक आहे. या इच्छेला योग्य वळण मिळाले तर त्यातून विज्ञानाची गोडी लागते. ते न मिळाल्यास दिवाळीचे फटाके फोडून त्यातील दारू गोळा करण्याचा किंवा आगकाड्यांचा गुल खरवडण्याचा जीवघेणा उद्योग सुरू होतो. पहिला अग्निबाण कोणता असावा, तो कसा बांधावा, कोठे उडवावा आणि त्यातून काय शिकावे, याचा विचार म्हणूनच शिक्षकांनी व ग्रामपंचायतींनी आधीच करून ठेवणे अगत्याचे आहे.

बाणापासून उपग्रहापर्यंत

अग्निबाण ही भारताला नवी वस्तू नव्हे. अठराव्या शतकातील मराठी कागदपत्रांत तोफांबरोबर 'बाण' या शस्त्राचा उल्लेख येतो. म्हैसूरच्या हैदर अली व टिपू सुलतान यांनी कागदी अथवा वेळूच्या नळीऐवजी लोखंडी नळी वापरून बाणांचा पल्ला वाढविला. श्रीरंगपट्टणच्या पाडावानंतर असे बाण इंग्लंडमध्ये नेण्यात आले आणि त्यांच्या अभ्यासातून विल्यम काँग्रीव्ह याने एकोणिसाव्या शतकाच्या आरंभी ब्रिटिश सैन्यासाठी आपले अग्निबाण तयार केले.

स्वतंत्र भारताच्या अवकाश कार्यक्रमाचा आरंभ केरळातील थुंबा या कोळ्यांच्या गावी झाला. तेथून २१ नोव्हेंबर १९६३ रोजी पहिला अग्निबाण उडाला, तो अमेरिकेकडून आलेला होता. पुढे चारच वर्षांनी, २० नोव्हेंबर १९६७ रोजी, केवळ ७५ मिलिमीटर व्यासाचा 'रोहिणी-७५' हा स्वदेशी अग्निबाण तेथूनच झेपावला. घन इंधनाच्या क्षेत्रात या कार्यक्रमाला स्वयंपूर्ण करणाऱ्यांत पुण्यात जन्मलेले डॉ. वसंत गोवारीकर अग्रभागी होते. १९७९ ते १९८५ या काळात ते विक्रम साराभाई अवकाश केंद्राचे संचालक होते. याच काळात, १८ जुलै १९८० रोजी, एसएलव्ही-३ या यानाने ३५ किलो वजनाचा रोहिणी उपग्रह कक्षेत नेऊन सोडला. त्या यानाचे चारही टप्पे घन इंधनाचे होते. साखर कारखान्यांची यंत्रसामग्री घडविणाऱ्या इंदापूर तालुक्यातील वालचंदनगरच्या उद्योगाने पुढे उपग्रह प्रक्षेपकांच्या मोटारींची पोलादी कवचे तयार केली. उसाचा मुलूख आणि अवकाशाचा मार्ग यांत वाटते तितके अंतर नाही, हे यावरून लक्षात यावे.

मोठ्या यंत्रणांनीही आरंभ लहान अग्निबाणापासून केला आणि प्रत्येक पायरीवर मोजमाप करूनच पुढचे पाऊल टाकले. नवशिक्याने उचलायचा धडा हाच आहे.

आगीपासून आरंभ नको

१९५७ साली रशियाने स्पुटनिक हा पहिला कृत्रिम उपग्रह सोडला. त्यानंतर अमेरिकेत हजारो मुलांना अग्निबाणाचे वेड लागले. घरातल्या घरात रसायने कालवून धातूच्या नळ्यांत ठासण्याचे प्रयोग सुरू झाले आणि अनेक मुले जायबंदी झाली. यावर उपाय शोधला तो ऑरव्हिल कार्लाइल या पादत्राणांच्या दुकानदाराने आणि जी. हॅरी स्टाइन या अभियंत्याने. हौशी माणसाने इंधन स्वतः कधीही कालवू नये, कारखान्यात तयार झालेली व तपासलेली छोटी मोटारच वापरावी आणि अग्निबाणाचे अंग कागद, हलके लाकूड व प्लास्टिक यांचेच असावे, हे त्यांच्या पद्धतीचे सूत्र होते. हौशी अग्निबाणांची शिस्तबद्ध चळवळ या सूत्रावर उभी राहिली.

आपल्याकडे अशा तयार मोटारी गावच्या बाजारात मिळत नाहीत. शिवाय विस्फोटक अधिनियम, १८८४ व त्याखालील विस्फोटक नियम, २००८ यांनुसार परवान्याशिवाय स्फोटक द्रव्य तयार करणे हा गुन्हा आहे. या नियमांची अंमलबजावणी करणाऱ्या केंद्रीय संघटनेचे मुख्य कार्यालय आपल्याच राज्यात, नागपूर येथे आहे. शाळेने किंवा पालकांनी 'थोडीशी दारू' म्हणून या बाबतीत सवलत देणे कायद्याच्या व मुलांच्या जिवाच्या दृष्टीने सर्वथैव अनुचित होय. दारूचे मिश्रण केवळ घर्षणाने, ठासण्याच्या आघाताने किंवा कोरड्या हवेतील विद्युत् ठिणगीनेही पेट घेऊ शकते. त्या वेळी हात व चेहरा तिच्यापासून वीतभर अंतरावर असतो.

यावर उत्तम पर्याय म्हणजे पाणी आणि दाबलेली हवा यांवर उडणारा अग्निबाण. यात ज्वाला नाही, धूर नाही, विषारी द्रव्य नाही. परंतु अग्निबाणाचे शास्त्र मात्र सगळेच्या सगळे आहे.

रेट्याचे गणित

अग्निबाण जमिनीला किंवा हवेला ढकलून वर जातो, असा समज सर्रास आढळतो. शिकलेली माणसेही याला अपवाद नाहीत. अमेरिकन शास्त्रज्ञ रॉबर्ट गोडार्ड यांनी निर्वात अवकाशातही अग्निबाण चालेल असे प्रतिपादन केले, तेव्हा १९२० साली 'न्यूयॉर्क टाइम्स' या वृत्तपत्राने त्यांची खिल्ली उडविली. १९६९ च्या जुलैमध्ये माणूस चंद्राच्या वाटेवर असताना त्या पत्राने आपली चूक दुरुस्त केली. वस्तुस्थिती अशी की, अग्निबाण आपल्याच पोटातील द्रव्य वेगाने मागे फेकतो आणि त्या फेकण्याच्या प्रतिक्रियेने स्वतः पुढे जातो. न्यूटनचा गतिविषयक तिसरा नियम तो हाच.

दोन लिटरच्या शीतपेयाच्या बाटलीत सुमारे ६०० मिलिलिटर पाणी भरून उरलेल्या जागेत हवा दाबली, असे समजू. हवेचा दाब वातावरणापेक्षा सुमारे दोन वातावरणे अधिक आहे. चाकात हवा भरणाऱ्याच्या भाषेत '३० पौंड'. या दाबाखाली पाणी बाटलीच्या तोंडातून सेकंदाला सुमारे २० मीटर वेगाने बाहेर पडते. तोंडाचा आतील व्यास सुमारे पावणेबावीस मिलिमीटर, म्हणजे क्षेत्रफळ जवळजवळ ३.७ चौरस सेंटिमीटर. तेव्हा पहिल्या क्षणी दर सेकंदाला सात लिटरांहून अधिक या दराने पाणी बाहेर फेकले जाते. त्यातून निर्माण होणारा रेटा सुमारे १५ किलो वजनाइतका असतो. बाटली, पंख व पाणी मिळून एकूण वजन जेमतेम पाऊण किलो. वजनाच्या वीसपट रेटा मिळाल्यावर बाटली डोळ्याचे पाते लवण्यापूर्वी जागेवरून नाहीशी होते, यात नवल नाही. पाणी संपण्यास सेकंदाचा दहावा भाग पुरतो. पुढचा प्रवास मिळालेल्या वेगाच्या बळावर होतो.

पाणी कशासाठी, हा प्रश्न विद्यार्थी विचारतातच. पाणी जड असल्यामुळे त्याच्या फेकण्यातून मोठा संवेग मिळतो. हवा हलकी व दबणारी असल्यामुळे ती ऊर्जा साठवून ठेवते. नुसती हवा भरली तर फेकण्याजोगे द्रव्य अल्प. नुसते पाणी भरले तर ते फेकणारी शक्तीच नाही. दोहोंचा मेळ कोठे उत्तम बसतो, हे शोधणे हाच या प्रयोगाचा गाभा आहे.

साहित्य व बांधणी

मुख्य वस्तू म्हणजे शीतपेयाची दोन लिटरची गोल बाटली. ती गॅसयुक्त पेयाचीच असावी, कारण तिची घडण आतील दाब सोसण्यासाठी केलेली असते. साध्या पिण्याच्या पाण्याची पातळ बाटली अथवा काचेची कोणतीही बाटली या कामी कदापि वापरू नये. बाटलीवर चरे, घडीच्या खुणा किंवा उन्हाने आलेला पांढुरकेपणा असल्यास ती बाद समजावी. तिला कोठेही भोक पाडू नये, काचपेपर घासू नये, तापवलेले गोंद लावू नये.

बाटलीचे तोंड उड्डाणाच्या वेळी खाली असते आणि बूड वर. बुडावर पुठ्ठ्याचा बोथट शंकू बसवून त्याच्या टोकाशी स्पंजच्या चेंडूचा अर्धा भाग चिकटवावा. शंकूच्या आत ३०-४० ग्रॅम शाडू भरावा. खिळा, तार, दगड असे कोणतेही कठीण द्रव्य टोकाला असता कामा नये. पंखांसाठी जाहिरात फलकांना वापरतात तो सनपॅकचा तुकडा उत्तम. तो भिजत नाही. तीन किंवा चार सारखे पंख कापून ते बाटलीच्या तोंडाकडील भागाला समान अंतरावर, अगदी सरळ, चिकटपट्टीने पक्के करावेत. एखादा पंख तिरपा बसला तर बाटली गिरक्या घेते आणि उंची घटते.

उड्डाणाच्या मंचासाठी जाड लाकडी फळी घ्यावी. प्रयोगशाळेत मिळणारे, बाटलीच्या तोंडात घट्ट बसणारे निमुळते रबरी बूच घेऊन त्याला आरपार भोक पाडावे, त्यात मोटारसायकलच्या ट्यूबचा वॉल पक्का बसवावा आणि वॉलच्या आतील पिन काढून टाकावी. हे बूच फळीच्या मध्यभागी कायमचे जखडावे. वॉलच्या खालच्या टोकाला फवारणी पंपाची दाब सोसणारी नळी जोडावी. तिची लांबी किमान दहा मीटर ठेवावी. दुसऱ्या टोकाशी दाबमापक तबकडी असलेला पायपंप आणि त्याच्याजवळच दाब सोडून देण्यासाठी एक लहान तोटी असावी. बुचाभोवती वेळूच्या तीन गुळगुळीत काठ्या उभ्या रोवल्या म्हणजे बाटली सरळ वर निघते.

पिन काढण्याचे व तोटी बसविण्याचे कारण नीट समजून घ्यावे. पिन राहिली तर बाटलीत गेलेली हवा परत येऊ शकत नाही. बूच घट्ट बसून बाटली सुटली नाही तर दाबाने भरलेल्या बाटलीजवळ कोणाला तरी जावे लागेल. अपघाताचा खरा धोका त्या क्षणी असतो. तोटी असली म्हणजे दहा मीटरवरून दाब उतरविता येतो.

दोन परीक्षा

उड्डाणापूर्वी दोन परीक्षा अवश्य घ्याव्यात. पहिली दाबाची. साखर कारखान्यातील बॉयलर वाफ भरण्यापूर्वी पाण्याच्या दाबाने तपासला जातो. तेच तत्त्व येथे लावावे. बाटलीच्या झाकणाला भोक पाडून त्यात वॉल बसवावा, बाटली पाण्याने काठोकाठ भरावी आणि दूर उभे राहून दाब ६० पौंडांपर्यंत न्यावा. पाणी दबत नसल्यामुळे बाटली फुटली तरी तुकडे दूर उडत नाहीत. या परीक्षेत टिकलेलीच बाटली उड्डाणास घ्यावी आणि उड्डाणात ४० पौंडांची मर्यादा कधीही ओलांडू नये. दहा-पंधरा उड्डाणांनंतर बाटली बदलावी.

दुसरी परीक्षा स्थैर्याची. धनुष्याचा बाण पुढे जड व मागे पिसांचा असतो, म्हणूनच तो सरळ जातो. रिकाम्या अग्निबाणाला दोरीने आडवा टांगून तो ज्या बिंदूशी समतोल राहतो तो बिंदू बाटलीवर नोंदवावा, हा गुरुत्वमध्य. मग पंखांसह बाटलीची बाजूने दिसणारी आकृती पुठ्ठ्यावर कापून ती बोटावर तोलावी; तो बिंदू स्थूलमानाने दाबमध्य समजावा. गुरुत्वमध्य दाबमध्याच्या पुढे, म्हणजे टोकाकडे, निदान बाटलीच्या व्यासाइतका, सुमारे ११ सेंटिमीटर, असला पाहिजे. तसा नसेल तर टोकाकडील शाडू वाढवावा किंवा पंख मोठे करावेत. शेवटी टांगलेला अग्निबाण डोक्याभोवती गोल फिरवून पाहावा. टोक पुढे ठेवून तो फिरला तर स्थिर. कोलांट्या घेऊ लागला तर उड्डाणास अयोग्य.

जागा, वेळ व शिस्त

कोल्हारसारख्या बागायती गावात जागेची निवड विचारपूर्वक करावी लागते. पुरुषभर उंचीच्या उसात पडलेली बाटली सापडणे कठीण आणि ती शोधताना पिकाची नासाडी ठरलेली. शेतपंपांच्या विजेच्या तारा जवळ असल्यास धोका आणखी वाढतो. तारेत अडकलेली बाटली काठीने काढण्याचा मोह मुलांना आवरत नाही. यास्तव पीक निघालेले मोकळे रान किंवा शाळेचे मोठे क्रीडांगण निवडावे. सर्व बाजूंना किमान ५० मीटर मोकळी जागा असावी. हमरस्ता, यात्रेची गर्दी, जनावरांचा गोठा, विहीर व विजेच्या तारा यांपासून जागा दूर असावी. जिल्ह्यात काकडी येथे २०१७ पासून शिर्डी विमानतळ सुरू आहे. त्याच्या आसपासच्या गावांनी असे उपक्रम विमानतळाच्या परिसरात घेऊ नयेत.

वेळ सकाळची उत्तम; वारा मंद असतो आणि सूर्याकडे पाहावे लागू नये अशी दिशा निवडता येते. हिवाळ्यातील विज्ञान दिनाच्या (२८ फेब्रुवारी) सुमारास हवा कोरडी व आकाश निरभ्र असते.

उड्डाणाची रीत पुढीलप्रमाणे ठेवावी. बाटली तोंड वर करून धरावी, मोजलेले पाणी ओतावे आणि मंच उलटा करून त्याचे बूच बाटलीत घट्ट दाबावे. मग दोन्ही मिळून सुलटे करून जमिनीवर ठेवावे. तोटी बंद असल्याची खात्री करावी. सर्व मुलांनी आखलेल्या रेषेमागे, मंचापासून किमान १५ मीटर दूर उभे राहावे. पंप मारणाऱ्याने नळीच्या टोकाशी राहून डोळ्यांना चष्मा लावावा आणि पंप शिक्षकाच्या उपस्थितीतच मारावा. दाब वाढताच बूच सुटते व बाटली झेपावते. सुटतेवेळचा दाब एकाने मोठ्याने सांगावा. ४० पौंडांपर्यंत बाटली सुटली नाही तर पंप थांबवून तोटी उघडावी आणि काटा शून्यावर आल्याखेरीज कोणीही पुढे जाऊ नये. खाली येणारी बाटली झेलण्याचा प्रयत्न कोणीही करू नये.

उंची मोजावी कशी

'खूप उंच गेला' हे विज्ञानाचे वाक्य नव्हे. किती उंच गेला, हे सांगता आले पाहिजे. त्यासाठी कंपासपेटीतील कोनमापक, एक सरळ नळी, दोरा आणि ओळंबा म्हणून एखादा नट एवढे साहित्य पुरते. कोनमापकाच्या सरळ कडेला नळी बांधावी, मध्यबिंदूपासून ओळंबा सोडावा आणि नळीतून बाटली सर्वोच्च बिंदूला असताना पाहून दोरा ज्या अंशावर येतो तो अंश नव्वदातून वजा करावा. तो क्षितिजापासूनचा उन्नत कोन.

निरीक्षक मंचापासून ४० मीटर अंतरावर उभा असेल तर उंचीचा हिशेब सोपा आहे. कोन ३० अंश आल्यास उंची सुमारे २३ मीटर, ३५ अंशांस २८, ४० अंशांस ३४, ४५ अंशांस ४० आणि ५० अंशांस ४८ मीटर. त्यात निरीक्षकाच्या डोळ्याची उंची, सुमारे दीड मीटर, मिळवावी. वाऱ्याने बाटली एका बाजूस झुकते म्हणून मंचाच्या दोन विरुद्ध बाजूंना दोन निरीक्षक उभे करून सरासरी काढावी. त्रिकोणमितीतील स्पर्शज्या कशासाठी शिकायची, हे दहावीच्या विद्यार्थ्याला त्या दिवशी वेगळे समजावून सांगावे लागत नाही.

आता खऱ्या प्रयोगाकडे वळावे. पाण्याचे प्रमाण क्रमाने शून्य, ३००, ६००, ९०० व १२०० मिलिलिटर घ्यावे आणि प्रत्येक प्रमाणासाठी तीन उड्डाणे करावीत. या पंधरा उड्डाणांस मिळून नऊ लिटर पाणी लागते. टंचाईच्या दिवसांतही एवढे पाणी शाळेला जड नाही. बाटली, पंख, शाडू यांत मध्येच बदल करू नये. एका वेळी एकच गोष्ट बदलायची, हा प्रयोगाचा पहिला दंडक आहे. आडव्या अक्षावर पाणी व उभ्या अक्षावर उंची घेऊन आलेख काढला म्हणजे रेषा आधी चढते व मग उतरते असे दिसून येईल. ३० पौंडांच्या आसपासच्या दाबाला साधारणतः २५ ते ४० मीटर उंची मिळते आणि कळस बाटलीच्या चतुर्थांश ते तृतीयांश पाण्याच्या दरम्यान येतो. तथापि हा आकडा विद्यार्थ्यांना आधी सांगू नये. तो त्यांच्याच आलेखातून निघाला तर आयुष्यभर लक्षात राहतो.

नोंदवही आणि अपयश

प्रत्येक उड्डाणाची नोंद ठेवावी : दिनांक, वाऱ्याची दिशा, पाणी, सुटतेवेळचा दाब, दोन्ही कोन, उंची व शेरा. फसलेल्या उड्डाणाची नोंद तर अधिक काळजीपूर्वक करावी. बूच गळले, पंख सुटला, बाटली आडवी गेली, यांतील प्रत्येक गोष्टीला कारण असते आणि ते शोधता येते.

या बाबतीत एसएलव्ही-३ चा इतिहास मुलांना अवश्य सांगावा. १९८० च्या यशापूर्वी, १० ऑगस्ट १९७९ रोजी, त्या यानाचे पहिले उड्डाण अयशस्वी झाले होते. दुसऱ्या टप्प्याच्या नियंत्रण व्यवस्थेतील एका झडपेतून आम्ल गळले, नियंत्रण सुटले आणि ३१७ सेकंदांनी यान बंगालच्या उपसागरात कोसळले. मोहिमेचे संचालक डॉ. ए. पी. जे. अब्दुल कलाम व त्यांच्या सहकाऱ्यांनी नोंदी तपासून दोष हुडकला आणि अकरा महिन्यांत यशस्वी उड्डाण केले. कोट्यवधी रुपयांचे यान आणि शाळेतील बाटली यांत अंतर मोठे असले तरी गळती शोधण्याची रीत एकच आहे. 'का फसले' हे निर्भयपणे लिहिणाऱ्या मुलाचे शिक्षकाने कौतुक करावे. उंचीच्या स्पर्धेत पहिल्या आलेल्या मुलाइतकेच करावे.

पंचायतीचा वाटा

या उपक्रमास मोठा निधी लागत नाही. बाटली टाकाऊ, पुठ्ठा टाकाऊ. बूच, वॉल, नळी, तोटी आणि पंप एवढाच खर्च, आणि हे साहित्य वर्षानुवर्षे टिकते. तथापि काही गोष्टी शिक्षक एकटा करू शकत नाही. मोकळे रान मिळवून देणे, त्या दिवशी तेथे माणसांची व जनावरांची वर्दळ थांबविणे, पालकांना आधी माहिती देणे, प्रथमोपचाराची सोय ठेवणे आणि उड्डाणानंतर रानातील प्लास्टिक गोळा करून घेणे ही कामे ग्रामपंचायत व शाळा व्यवस्थापन समिती यांनी वाटून घ्यावीत. गावातील सायकल दुरुस्तीचा कारागीर, कारखान्यातील निवृत्त फिटर, फवारणी यंत्रे दुरुस्त करणारा तरुण यांना पाचारण करावे. वॉल, वॉशर व गळती यांविषयी त्यांना जे ज्ञान असते ते पुस्तकात सहसा आढळत नाही.

मुलींचा सहभाग निम्मा असेल, याची दक्षता प्रारंभीच घ्यावी. पंप मुलांच्या हाती आणि वही मुलींच्या हाती अशी वाटणी होऊ देऊ नये. चांगल्या नोंदी ठेवणाऱ्या गटाला पुढची दिशा दाखविण्यासाठी केंद्र शासनाची 'इन्स्पायर अवॉर्ड - मानक' ही योजना आणि भारतीय अंतराळ संशोधन संस्थेने २०१९ साली शालेय विद्यार्थ्यांसाठी सुरू केलेला 'युविका' हा कार्यक्रम यांची माहिती मुख्याध्यापकांनी द्यावी.

दिवाळीच्या सुट्टीपूर्वीच हा प्रयोग शाळेत झाला तर त्याचा एक आणखी लाभ आहे. ज्याने स्वतः बाटली उडविली, तिचा कोन मोजला आणि आलेख काढला, त्या मुलाला फटाक्याची दारू खरवडण्याचे आकर्षण फारसे उरत नाही. नुसती मनाई केल्याने कुतूहल नाहीसे होत नाही. ते पालकांच्या नजरेआड जाते. त्याच कुतूहलाला मोकळे रान, एक पंप, एक वही आणि शेजारी उभा राहणारा शिक्षक मिळवून देणे कोणत्याही गावाच्या आवाक्यातील काम आहे, आणि ते येत्या दिवाळीपूर्वी हाती घेता येण्यासारखे आहे.